गिधाडांची पंगत

मुकुटबन गावाच्या पांदीपल्याड, शेतांमधल्या गाडीवाटेच्या पलीकडं, नाल्याकाठच्या गायरानात उकंडा आणि मथुराबाईची झोपडी होती. पुढं बोरीची झुडपं, मागं जंगल. मोर अंगणात असे ऐटीत फिरायचे, जणू मथुराबाईच त्यांच्या घरी पाव्हणी आलेली. "सरका ना बाप्पा, झाडू द्या!" म्हणत ती खराटा आपटायची. मोर दोन पावलं सरकायचे, तेही उपकार केल्यासारखे.

त्या हिवाळ्यात विठ्ठलराव पाटलाचा बैल मेला. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं पाटलाच्या विहिरीवरच्या मोटेसाठी द्यायचं, मांस आपण खायचं, हे उकंडाच्या घराचं आज्यापणज्यापासूनचं काम. पण नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून नवराबायकोनं शपथ घेऊन ते काम टाकलं होतं.

पाटलानं सांगावा धाडला. कोणी गेलं नाही. मग त्यानं रागानं बैलजोडी जुंपली आणि मेलेला बैल फरफटत आणून थेट झोपडीसमोर टाकला.

"घे आता वास! संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं सोलशील, मथुरे."

"मथुराबाई म्हणा, पाटील. आन् वासाचं भेव कोनाले दाखवता? जल्मभर तोच त हुंगला आमी."

पाटील गेला आणि उकंडाचा धीर खचला. कुडात खोचलेली सुरी त्यानं हळूच उपसली.

"एकडाव सोलून टाकतो वं. इथं जंगलात कोन पाह्यते?"

"मी पाहून राह्यली ना. अवो, शपथ काय गावापुरतीच घेतली व्हती?"

उकंडानं सुरी ठेवली, पण तोंड फिरवून बसला. रात्री चुलीवर काय शिजवायचं, हा प्रश्न त्याच्या पाठीवरच लिहिला होता.

दिवस बुडताना बोरीआडून तडस आलं. खांदे उंच, मागचं अंग उतरतं, चाल लंगडल्यासारखी. बैलाकडं जायचं सोडून ते दाराशी बांधलेल्या शेळीकडं वळलं. मथुराबाईनं चुलीतली जळती तुराटी उचलली आणि दारात आडवी उभी राहिली.

"तुह्या वाट्याचं तिकडं पडलं हाये रे बाबा. माही शेळी माह्याच वाट्याची."

तडसानं तिच्याकडं पाहिलं. तिनं पापणी लवू दिली नाही. शेवटी ते वळलं, बैलाशी गेलं, आणि अंधारात हाडं फुटल्याचा आवाज येऊ लागला.

सकाळी ऊन तापलं तशी आभाळातून गिधाडं उतरली. एक, मग चार, मग मोजायला जीव धजेना इतकी. म्हाताऱ्यानं घोंगडी सावरावी तसे पंख सावरत ती बैलाभोवती पंगतीला बसली. मथुराबाईला ती आज कुरूप वाटली नाहीत. जात्यावर बसल्यासारखी ती गुणगुणली:

आभाळाचे पाव्हणे, बसा माह्या दारी,
टाकलं जे म्या काम, घ्या तुमी शिरी.

तेवढ्यात पाटील धावत आला. रात्रीतून बैल सोलला जाईल आणि सकाळी कातडं घरी येईल, या भरवशावर तो निवांत झोपला होता. आता त्या कातड्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"माही मोट! हट! हट!"

काठी उगारून तो पुढं झाला. एका गिधाडानं पंख पसरले आणि ते मान लांबवून फुत्कारलं. पाटील मागं सरला तो बोरीत, आणि धोतर काट्याला अडकलं.

"हाकल ना त्याइले! पाहून काय राह्यली?"

"कायले? तुमचा सांगावा त्याइनंच त ऐकला, पाटील. कामावर हायेत थे."

पाटलानं धोतर सोडवलं आणि आवाज मऊ केला. "उकंड्या, तू तरी शहाना हो. एका कुशीचं कातडं शाबूत हाये. तेवढं सोल. तुह्या घरी जवारी पोचती करतो."

मथुराबाईच्या ओठावर शब्द आले होते. तिनं ते गिळले. हे उत्तर तिचं नव्हतं.

उकंडा उठला. बैलाकडं पाहिलं, पाटलाकडं पाहिलं.

"नाही जी," तो म्हणाला. आवाज बारीक होता, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "नाही सोलत."

पाटील पांदीकडं चालू लागला. वारा फिरला आणि सगळा वास झोपडीवर आला. उकंडा बायकोशेजारी उंबऱ्यात येऊन बसला. दोघांपैकी कोणीच नाकाला पदर किंवा धोतर लावलं नाही.