कुंडलिकशेठची माळावरची पंगत

गोष्ट २०२२ सालची. हुरडा नुकताच सरला होता. अक्कलकोट रस्त्यापासून आत एका वाडीत गोजरबाईच्या नऊ शेळ्या होत्या आणि त्यांना चरायला एकच जागा, खाणीशेजारचं सरकारी गायरान. तिच्या सासूनंही हयातभर तिथंच शेळ्या वळल्या होत्या.

खाण होती कुंडलिकशेठच्या रानात. पण वजनकाटा बसवायला आणि खडीची भुकटी टाकायला त्याला गायरान हवं होतं. सरकारकडं केलेल्या अर्जात त्यानं ठोकून दिलं होतं, ‘जागा पडीक असून कोणाच्याही वापरात नाही.’

बुधवारी महसूल खात्याच्या सर्कल अधिकारी कौसर मॅडम जागेच्या पंचनाम्याला येणार होत्या. शेठ दारोदार फिरत गोजरबाईकडं आला.

“मावशी, बुधवारी बोकड पाडतो. गावजेवण! जेवायचं आन आपली हरकत न्हाय म्हणून अंगठा द्यायचा.”

गोजरबाईनं जीभ गोडच ठेवली. “येतो की. पंगत कुटं? देवळाम्होरं बोकड न्हाय चालायचं.”

“ते बी खरंच.”

“गायरानाच्या माळावरच घाला की. जागा तुमचीच होणार न्हवं?”

शेठ फुलला आणि मंडप सांगायला गेला.

शेजारची लालबी कडाडली, “गोजरे, रश्श्याच्या वासानं येडी झालीस का गं? शेळ्या काय माझ्या डोक्यावर चारणार?”

“अगं, समदं घर जेवायला गेलं तर जनावरं कोण बघणार? संगट आणायची. घराघरात सांग जा.”

बुधवारी मॅडम जीपमधून उतरल्या, तर माळावर माणसांमागं शेळ्या, म्हशी, रेडकं. मॅडमसाठी आणलेला झेंडूचा हार गोजरबाईची काळी शेळी खात होती.

“शेठ, जागा पडीक ना?”

“मॅडम, ही समदी आज जेवायला आल्यात.”

“म्हशीसुद्धा?”

गोजरबाई पुढं झाली. “म्हशी रोजच्या हायत, मॅडम. माणसं तेवढी आज आल्यात.”

मॅडमनी डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं : ‘१४२ जनावरे चरताना आढळली.’ पंचांनी बोटं चाटत सह्या केल्या.

अर्ज फेटाळला गेला. शेठनं काटा स्वतःच्या उसात बसवला. गोजरबाई दिसली की तो वाट बदलतो, पण बोकड तिच्याकडूनच नेतो. मॅडमची मंगळवेढ्याला बदली झाली. लालबी लेकाकडं शहरात, शुक्रवार पेठेत राहायला गेली. फोनवर आधी शेळ्यांची खुशाली विचारते, मग गोजरबाईची. शेळ्या आता सतरा झाल्यात. काळी म्हातारी झाली, पण झेंडू दिसला की अजून मान वर करते.