आतली कडी

"आधी पाणी," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी ग्लास पुढे सरकवला.

शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत हा त्यांचा कायदाच होता. डोकं दुखो, गुडघा फुटो, नाहीतर गणिताच्या तासाला अचानक पोटात कळ येवो, येणाऱ्याने आधी ग्लासभर पाणी प्यायचं आणि मग रडगाणं गायचं. निम्मी दुखणी ग्लास रिकामा होईपर्यंतच पळ काढत. पोरं त्यांना पाठीमागे 'टाकी' म्हणत. त्यात पाण्याइतकाच त्यांच्या अंगकाठीचाही वाटा आहे, हे सिस्टरांना ठाऊक होतं.

समोर नववीतली एक मुलगी बसली होती. कवायतीत चक्कर येऊन पडली म्हणून तिला आणलं होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"नको. प्यायलं की जावं लागतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या दप्तरी ती मुलगा होती. पण आपण मुलगी आहोत हे तिला समज आल्यापासून माहीत होतं आणि गेल्या वर्षी तिने ते घरी आणि वर्गात सांगूनही टाकलं होतं. तेव्हापासून मुलांच्या स्वच्छतागृहात काही पोरं तिच्यावर टपून असत. तिथल्या दाराची कडी त्यांनी मुद्दाम तोडली होती. मुलींच्या बाजूला जायला तिला मनाई होती. म्हणून ती घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. आता लघवीला आग व्हायला लागली होती, हेही तिने खाली बघतच सांगितलं.

सिस्टरांचं डोकं सणकलं. या खोलीला लागूनच एक छोटा संडास होता, आतून भक्कम कडी असलेला. उद्यापासून इथे यायचं, कोणाला विचारायचं नाही आणि आता हा ग्लास संपवायचा, असं त्यांनी तिला बजावलं. डॉक्टरांकडून औषधही आणून दिलं.

पोरीची तब्येत सुधारली. जिभेलाही धार आली. सिस्टरांच्या चपलांपासून चष्म्यापर्यंत सगळ्याला ती नावं ठेवू लागली आणि सिस्टर खोटं खोटं रागावू लागल्या. या खोलीत इतकं हसणं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग ती तो संडास वापरते अशी कुणा पालकाची तक्रार आली आणि मुख्याध्यापकांनी सिस्टरांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. त्यांनी आवाज खाली आणून एक तोड सुचवली. सिस्टरांनी मुलीला काहीतरी मनाचा आजार आहे असं लिहून द्यावं. खोली आजाऱ्यांचीच, मग बोट दाखवायला कोणाला जागा उरणार नाही.

सिस्टरांना क्षणभर मोह झाला. एका शब्दात पोरीचं काम भागत होतं. पण तो शब्द तिला कॉलेजात, नोकरीत, जाईल तिथे चिकटून राहिला असता. आणि तो चिकटवणारा हात आपला असता.

"ती आजारी नाही, सर," त्या म्हणाल्या. "आपण तिला आजारी पाडलं होतं. आता बरी आहे."

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. तसं असेल तर उद्या मधल्या सुट्टीत संडासाच्या दाराला आपण स्वतः कुलूप घालू, आणि सिस्टर आड आल्या तर त्यांच्या नोकरीचा विचार करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी सिस्टरांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सुतार होता. गुडघे गेल्यापासून घरीच असे आणि घर सिस्टरांच्या पगारावर चाले. त्या दाराची बाहेरची कडीच काढून टाकणार आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्याने ताटातली भाकरी मोडून आमटीत कुस्करली. आता हा भांडणार, असं वाटून सिस्टरांनी पदर खोचला.

"स्क्रू गंजले असतील," तो शेवटी म्हणाला. "आधी तेल सोड. मग पेचकस लाव. उगाच जोर करू नकोस, मनगट धरेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक कुलूप घेऊन आले. दाराबाहेर सिस्टर खुर्ची टाकून ऐसपैस बसल्या होत्या. कडीच्या जागी नुसती भोकं होती.

"कडी कुठे गेली?"

"बाहेरची काढली. आतली ठेवलीय, ती लागते."

याचे परिणाम माहीत आहेत का, असं त्यांनी विचारलं. माहीत आहेत, असं सिस्टरांनी सांगितलं. त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

"आत्ता आत कोणीतरी आहे, सर. थांबावं लागेल."

मुख्याध्यापक थांबले. व्हरांड्यातली पोरं माना लांब करून बघत होती. कुलूप या हातातून त्या हातात करत ते भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

आत पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि मुलगी बाहेर आली. मुख्याध्यापकांना बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिची नजर कुलपावर गेली, मग सिस्टरांवर. आता ही पळणार, असं सिस्टरांना वाटलं. पण ती बेसिनपाशी गेली. साबण घेऊन तिने सावकाश, बोटांच्या मधूनमधून हात धुतले, रुमालाला पुसले आणि परत येऊन दार उघडं धरलं.

"माझं झालं, सर," ती म्हणाली. "जा तुम्ही."