सतरंजीबाहेर बसलेली बाई

मित्रांनो, मी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी आहे, आणि माझ्यावर झालेल्या शेवटच्या बैठकीविषयी कागदावर जे लिहिले गेले, ते मला मान्य नाही.

भिंगारमधल्या एका हातमागावर मी जन्मले. विणणारे वैजनाथकाका प्रत्येक पट्टा संपला की थांबत, तळहाताने मला चाचपत आणि म्हणत, "बसणाऱ्याला टोचू नये, एवढंच." तेवढाच संस्कार घेऊन मी जगात आले. काही वर्षे मांडववाल्याकडे काढली, आणि मग मुलांच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या पाथर्डीकडच्या एका संस्थेत येऊन पडले.

एखादे मूल अडचणीत आले, की संस्थेच्या राजेश्वरीताई त्याच्या घरच्या सगळ्यांना एकत्र बोलावत. निर्णय ताई देत नसत. मुलाने कुठे राहायचे, कोणी सांभाळायचे, हे घरच्यांनीच बसून ठरवायचे. खुर्च्या मुद्दाम नसत. मी पसरले, की सगळी माणसे एका उंचीची होतात, असे ताईंना वाटे. मलाही वाटे.

त्या वर्षी दसरा उलटला होता. ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध चालली होती. संस्कृती चौदा वर्षांची, नववीतली. आईवडील सहा महिने उसाला जाणार. मागे पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? तिचे आजोबा सहादेव यांनी उत्तर काढले होते : लग्न. शाळेतल्या बाईंना कुणकुण लागली, आणि बैठक ठरली.

नेमके त्याच दिवशी नगरहून कल्याण सर आले. अशा बैठकांचा उपयोग होतो की नाही, हे त्यांना तपासायचे होते. त्यांच्यासाठी मात्र खुर्ची आणली गेली. त्यांनी वरून माणसे मोजली आणि लिहिले, कुटुंबातील हजर चार : आजोबा, वडील वाल्मिक, चुलते बन्सी आणि मुलगी.

पाचवी माझ्यावर नव्हती. सासरे बसतात त्या सतरंजीवर सुनेने बसायचे नाही. म्हणून संस्कृतीची आई ज्योती माझ्या काठापासून हातभर दूर, गार फरशीवर, पदर पुढे ओढून बसली होती.

"पोरगी उजवली म्हंजी आमी मोकळं," सहादेव म्हणाले. "पोरगं चांगलं हाय. भरतीची तयारी करतंय."

"चार सालं झाली तयारीला," बन्सी म्हणाला. "तेवढ्यात भरतीचं सायेब रिटायर झालं."

वाल्मिक हसला, बापाकडे बघून त्याने हसू आवरले. ताईंनी कायदा सांगितला.

"कायदा येतो का पोरीला राखायला?" म्हातारा म्हणाला. त्या प्रश्नात नुसता हट्ट नव्हता, भीतीही होती.

"संस्कृती, तुझं काय म्हणणं?" ताईंनी विचारले.

ती उठली. माझे टोक तिने दोन्ही मुठींत धरले आणि ओढले.

"अगं, मानसं बसल्यात वर," बन्सी कलंडता कलंडता म्हणाला.

माझी किनार उसवली. तशीच उसवत ती आईच्या गुडघ्याशी पोचली.

"आई, तू वर ये. मग मी बोलते."

ज्योतीने उसवलेल्या किनारीवरून हात फिरवला. मग सरकून माझ्यावर आली. सासऱ्यांसमोर, जन्मात पहिल्यांदा. इतके हलके वजन इतके जड मी कधी पेलले नव्हते.

"मामा, तुमचा शब्द म्या कदी मोडला न्हाई," ती म्हणाली. "माजं लगीन बी असंच उसाच्या घाईत उरकलं. माजी नववी तितंच ऱ्हायली. हिची न्हाई ऱ्हाणार. माजी भन पारनेरला हाय, तिच्याकडं ऱ्हाईल ही. न्हाईतर यंदा म्या कोयता धरनार न्हाई."

"मग मी काय एकट्यानं तोडू?" वाल्मिक म्हणाला. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला कोणी घेत नाही.

"त्ये तुमी ठरवा."

"मला मावशीकडं जायचंय," संस्कृती म्हणाली. "मला लग्न नकोय."

सहादेव उठले. "सून सतरंजीवर आली. आता आमचं काय काम हितं," म्हणत वहाणा घालून निघून गेले. मागे तासभर भांडण झाले. शेवटी वाल्मिकने मान खाली घातली. "पारनेरला म्या सोता सोडून येतो."

कल्याण सर रकाने भरत होते. वाद : झाला. वेळ : ठरल्यापेक्षा दुप्पट. कुटुंबप्रमुखाची सही : नाही. आईचा सहभाग : नाही.

"सर, निम्मं तर आईच बोलली," ताई म्हणाल्या.

"हजेरी सुरुवातीची धरतात, मॅडम. तेव्हा त्या बैठकीत नव्हत्या. सतरंजीवर चारच होते."

माणूस वाईट नव्हता. खुर्चीतून फरशी दिसत नाही, इतकेच. त्याने निकाल लिहिला : अयशस्वी.

त्या शेऱ्यावरून बैठका थांबल्या. माझी घडी घालून मला कपाटावर टाकण्यात आले. आणि संस्कृती पारनेरच्या शाळेत जाते आहे, लग्न टळून मोकळी. हे कोणत्या रकान्यात लिहायचे, ते मला त्या कागदाने सांगावे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी माया मागतात. मी मागत नाही. मला झटकू नका, डांबरगोळ्या घालून जपू नका. मला पसरा. एखाद्या लेकराचे भविष्य ठरवायला मोठी माणसे बसली, की आधी फरशीवर कोण उरले आहे ते पाहा, आणि मोजणी तिथून सुरू करा. मी अपुरी पडले, तर ओढा मला. उसवले तर उसवू द्या.