उघडं छत

“अर्नी, जपून ठोक. तुझं छत आमच्या चहात पडायला नको,” पॉबजॉय खालून ओरडला.

अर्नेस्ट गॅदरकोल मचाणावर टेकूपाशी वाकला. त्याने टेकूखालची पाचर हातोडीने सैल केली आणि कान दिला. वर काही कुरकुरलं नाही. तो पुढच्या टेकूकडे वळला.

बेलमोर लेन स्टेशनच्या तिकीट हॉलचं छत ओतून त्या दिवशी अठ्ठावीस दिवस झाले होते; काँक्रीट पुरतं आवळलं होतं आणि टेकू काढायला हरकत नव्हती. गोल विटांची भिंत, मधोमध एकच खांब आणि वर सपाट काँक्रीटचं झाकण. खालच्या बोगद्यात रूळ अजून पडायचे होते. उत्तर लंडनच्या त्या नव्या वस्तीने मात्र स्टेशनला आताच ‘टोपीचा डबा’ म्हणायला सुरुवात केली होती. वास्तुविशारदाची अट लेखी होती : सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा लाकडी साचा, उतरल्यावर काँक्रीट स्वच्छ निघालं, तर ते तसंच उघडं ठेवायचं. एक जरी खड्डा दिसला, तर सगळ्यावर गिलावा. त्यासाठी पॉबजॉय आणि त्याचे सहा गवंडी सकाळपासून थाप्या घेऊन हजर होते.

गॅदरकोल एकसष्ट वर्षांचा होता आणि हे त्याचं शेवटचं काम होतं. सेंट्रिंगचा सुतार मोडण्यासाठीच बांधतो. चाळीस वर्षांत त्याचे साचे जळणात गेले आणि साच्यातून निघालेलं काम गिलाव्याखाली. एकदा त्याने मुलीला एक पूल दाखवायला नेलं होतं. “बाबा, यात तुमचं काय आहे?” तिने विचारलं. त्याला बोट दाखवायला जागा सापडली नाही.

म्हणून या वेळी तो हट्टाला पेटला. एकशे शहाण्णव फळ्या त्याने खांबापासून भिंतीपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारख्या लावल्या. प्रत्येक फळी एका टोकाला निमुळती रंधून घेतली. काँक्रीट ओतण्याआधी दोन दिवस तो त्यांच्यावर पाणी मारत राहिला. लाकूड फुगलं की फटी मिटतात.

“लाकडाला आंघोळ घालतोस? आता पावडरही लाव,” पॉबजॉय तेव्हा म्हणाला होता.

दुपारी बारापर्यंत एक सोडून सगळ्या फळ्या उतरल्या. खांबाजवळची शेवटची फळी चिकटली.

“पहार आणू?” एका मजुराने विचारलं.

“हात लावू नकोस.”

वास्तुविशारदाचे सहायक हार्कनेस घड्याळ बघत उभे होते. गॅदरकोलने कागदासारख्या पातळ पाचरा सारल्या, एक इकडून, एक तिकडून. वीस मिनिटं गेली. फळी सुटली आणि त्याच्या खांद्यावर आली. त्याने वर पाहिलंच नाही. खाली उतरून तो हत्यारं पुसत बसला.

हार्कनेस विजेरी घेऊन मचाणावर चढले. दुसऱ्या बाजूने पॉबजॉय चढला. तळहात काँक्रीटवर फिरवत त्याने अख्खा फेरा मारला. खांबापाशी आल्यावर तर नखानेही खरवडून पाहिलं.

“पॉबजॉय, काम तुमचं जाणार आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. काय करायचं?” हार्कनेस म्हणाले.

“साहेब, सुतारांची पापं झाकून माझं घर चाललंय.” पॉबजॉयने पुन्हा वर पाहिलं. “इथे झाकायला काही नाही. यावर थापी फिरवली, तर हात झडेल माझा.”

हार्कनेसनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “उघडं ठेवावं.” मग खाली वाकून म्हणाले, “गॅदरकोल, असं काम मी आणखी कुठे पाहिलेलं नाही.”

“होय, साहेब,” गॅदरकोल म्हणाला.

मचाण हलवलं गेलं, गवंड्यांनी गिलाव्याची न उघडलेली पोती लॉरीत चढवली. हॉल रिकामा झाल्यावर गॅदरकोलने कोट काढला, घडी करून डोक्याखाली घेतला आणि खांबाला पाय लावून धुळीत उताणा पडला. वर लाकडाची रेघ न् रेघ उमटली होती. गाठी, तंतू, सगळं दगडात उतरलं होतं आणि खांबातून निघून उजेडाकडे धावत होतं.

पॉबजॉय दारात घुटमळला. मग टोपी काढून तोही शेजारी आडवा झाला.

“ती गाठ कुठल्या लाकडाची रे?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

गॅदरकोलने हात वर केला आणि बोट दाखवून सांगायला सुरुवात केली.