किसुमूहून उत्तर नाही

आप्पासाहेब वाबळे मूळचे कोल्हारचे. रसवंतीवाल्यांचे उसाचे चरक दुरुस्त करता करता ते स्वतःच चरक बनवायला लागले आणि नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी छोटा कारखाना टाकला. १९९९च्या उन्हाळ्यात त्यांचे चरक पहिल्यांदा परदेशी गेले. केनियात किसुमू नावाचं शहर आहे, तिथल्या हसमुखभाई या व्यापाऱ्यानं ते नमुन्यादाखल मागवले होते. आवडले तर पुढची मोठी ऑर्डर तो ईमेलवर कळवणार होता.

ईमेलचं सगळं जयमाला साळवेकडे होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली ही मुलगी रोज सिद्धार्थनगरहून सिटी बसनं कामाला यायची. ऑफिसच्या कोपऱ्यात एका जुन्या कॉम्प्युटरवर तिनं मेल सर्व्हर बसवला होता. तो अधूनमधून मोडेमवरून पुण्याच्या इंटरनेट कंपनीला फोन लावायचा, इथली पत्रं तिकडे द्यायचा, तिकडे साठलेली इकडे आणायचा आणि ज्याची त्याच्या खात्यात टाकायचा. महिनोन्महिने तो बिनतक्रार चालला होता.

मग एप्रिलमध्ये एका सोमवारी पत्रं यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. मंगळवारीही काही आलं नाही तेव्हा आप्पासाहेब जयमालाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"जयमालाताई, मशीन बिघडलंय, का हसमुखभाई बिघडलेत?"

"बघते, साहेब."

तिनं आपल्या कॉम्प्युटरवरून आप्पासाहेबांना एक ओळ पाठवली. ती लगेच त्यांच्या कॉम्प्युटरवर उमटली.

"आली की!" आप्पासाहेब म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे मशीन चांगलं हाय. माणूसच नाराज दिसतोय."

जयमालालाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ही ओळ ऑफिसच्या बाहेर गेलीच नव्हती. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आली होती. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. तिची मैत्रीण अश्विनी सावेडीत सायबर कॅफे चालवायची. तिला मेल पाठवून जयमालानं फोन केला.

"मिळाली की," अश्विनी म्हणाली. "उत्तरही टाकलं बघ आत्ताच."

ते उत्तर आलं नाही. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. परत गेल्याची सूचना अश्विनीला मिळाली असती तरी काही कळलं असतं, पण तिकडेही काही परत गेलं नव्हतं. पत्र निघालं होतं, पोचलं नव्हतं, आणि हरवलंय असंही कुणी सांगत नव्हतं.

बुधवारी तिनं पुण्याला फोन लावला. तिथला माणूस गडबडीत होता.

"मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमच्या खात्यात भरपूर मेल पडलेत. तुम्हीच उचलत नाही."

"उचलत नाही म्हणजे? आमचा सर्व्हर सारखा फोन लावतोय."

"मग तुमच्याच बाजूला बघा."

जयमालानं मोडेमची वायर बदलली, पासवर्ड पुन्हा टाकला, शेवटी सगळा प्रोग्राम काढून नव्यानं बसवला. फोन लागत होता, पासवर्ड चालत होता, इथली पत्रं बिनबोभाट बाहेर जात होती. येत मात्र काहीच नव्हतं. डोकं इतकं चक्रावलं की बिघाड खरंच आहे की नाही, अशी शंका तिला येऊ लागली.

या शंकेला आणखी एक कारण होतं, ते तिनं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ सम्राट सिंगापूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. तो तिला ऑफिसच्याच पत्त्यावर मेल करायचा. घरात एक तरी अधिकारी व्हावा, ही त्यांच्या वारलेल्या वडिलांची, रंगनाथ साळवेंची, इच्छा होती. सम्राट स्वतः दुसऱ्या वाटेनं गेला आणि ती इच्छा बहिणीवर आली. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तो पाठवायचा, अभ्यास कुठवर आला ते विचारायचा. गेल्या शनिवारी तिनं धीर करून त्याला लिहिलं होतं: दादा, मी परीक्षेला बसणार नाही. मला हे काम आवडतं.

तेव्हापासून त्याचं उत्तर नव्हतं. तो रागावला होता, की त्याचं उत्तर पुण्यात अडकलं होतं? सर्व्हर बंद आहे तोवर त्यानं काहीतरी लिहिलं असेल असं मानता येत होतं. दुरुस्ती करताना मधूनच तिचा हात मंदावायचा.

घरी आई, भागिरथीबाई, रोज विचारायची, "आलं का गं सम्राटचं?"

"सर्व्हर बंद आहे, आई."

"त्याचा का आपला?"



गुरुवारी आप्पासाहेबांचा धीर सुटला. "मला वाटतं गिअरचे दातेच गेले आसतील," ते म्हणाले. "पहिल्याच खेपेला माल खराब निघाला तर मानूस बोलंल कशाला? गप बसंल. तुमी लिहा, दाते झिजले आसतील तर आमची चूक हाय, माफ करा, बदलून देतो."

"साहेब, पण तसं काही त्यांनी कळवलेलं नाही."

"म्हनूनच तर! लिहा."

तिनं इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं आणि ते सुरळीत गेलं. आप्पासाहेबांचं पाहून तिनंही एक पत्र लिहून ठेवलं: दादा, मी चुकले, परीक्षा देते. मात्र पाठवायचं बटण तिनं दाबलं नाही.

शुक्रवारी सकाळी सर्व्हरनं फोन लावला तेव्हा ती मुद्दाम त्याच्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. आजवर ती फक्त शेवटी काय झालं तेवढंच बघत होती. आज मधलं बघितलं. पहिलं पत्र उतरायला लागलं. आकडा वाढत होता, वाढतच होता. चहा आला, थंड झाला, तरी पहिलंच पत्र चाललं होतं. मग लाइनवर खरखर झाली आणि फोन तुटला. थोड्या वेळानं सर्व्हरनं पुन्हा फोन लावला आणि तेच पहिलं पत्र पुन्हा शून्यापासून सुरू झालं.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली.

तिनं सर्व्हर थांबवला, स्वतः पुण्याच्या मशीनशी जोडणी केली आणि हातानं हुकूम टाइप करून तिथल्या पत्रांचे नुसते आकार मागवले. बाकीची सगळी चिटुकली होती. सर्वांत पुढचं एकटं एवढं अवाढव्य होतं की नगरच्या टेलिफोन लाइनवर ते पुरं उतरणं शक्य नव्हतं. दारात हत्ती अडकावा आणि मागची माणसं ताटकळावीत, तसं झालं होतं. ते कुणाचं आहे हे बघायला तिनं त्याच्या वरच्या ओळी मागवल्या. किसुमू, हसमुखभाई.

तिनं आप्पासाहेबांना हाक मारली. त्यांनी पडद्याकडे बघितलं, पण त्यांना काही कळेना.

"म्हंजे त्यांनी लिवलं हुतं?"

"लिहिलं होतं, साहेब. तेच अडकलंय."

"आन बाकीचे?"

"त्याच्या मागं."

पहिलं तसंच ठेवून तिनं दुसऱ्यापासून एकेक पत्र हातानं मागवायला सुरुवात केली. ती भराभर यायला लागली. अश्विनीचं चाचणीचं उत्तर आलं, पुण्याच्या बेअरिंगवाल्याचं आलं, कोइमतूरची चौकशी आली. हसमुखभाईंचं एक होतं: फोटो मिळाले का? मग आणखी एक, आदल्या संध्याकाळचं. जयमालानं ते मराठीत सांगितलं.

"साहेब, ते म्हणतात, चरक उत्तम चालले होते, बाजारात ठेवलेल्या चरकांचे फोटो मी सोमवारीच पाठवले. पण तुमचं माफीचं पत्र वाचून घाबरलो. दाते झिजतात हे तुम्हाला आधीच माहीत होतं का? मी सगळे चरक बंद करून ठेवलेत."

आप्पासाहेब म्हणाले, "मीच बंद पाडले व्हय?"

"फोन करा, साहेब. मेल नको आता."

त्यांनी किसुमूला फोन लावला आणि हिंदी-मराठी मिसळून मोठमोठ्यानं बोलत राहिले. दाते शाबूत आहेत, माफी चुकून मागितली, पत्र अडकलं होतं, हे हसमुखभाईंना पटायला बराच वेळ लागला. एक चरक उघडून बघतो आणि मग चालू करतो, असं ते शेवटी म्हणाले. ऑर्डरचं त्यांनी काढलं नाही, आप्पासाहेबांनीही विचारलं नाही. फोटो कुरिअरनं पाठवायचं ठरल्यावर जयमालानं फोटोंचं ते अवाढव्य पत्र पुसून टाकलं. त्यानंतर सर्व्हर आपोआप चालू लागला.

सगळी पत्रं उतरली होती. तिनं यादी वरपासून खालपर्यंत बघितली, मग पुन्हा बघितली. सम्राटचं पत्र नव्हतं. म्हणजे ते अडकलेलं नव्हतंच. त्यानं लिहिलंच नव्हतं.

तिनं लिहून ठेवलेलं 'मी चुकले' पुन्हा वाचलं. शेजारच्या खोलीतून आप्पासाहेबांचा आवाज येत होता. फोरमनला ते तीच हकिकत सांगत होते. तिनं ते पत्र पुसलं आणि सुट्टी झाल्यावर नागापूर फाट्यावरच्या बूथवरून सिंगापूरला फोन लावला.

"जया? आई बरी आहे ना?" सम्राट घाबरून म्हणाला.

"बरी आहे. दादा, माझं पत्र मिळालं का?"

"मिळालं."

"मग उत्तर का नाही?"

"तीनदा लिहिलं आणि पुसलं. रागावून लिहिलं तर तू रडशील, आणि बरं लिहिलं तर ते खोटं होईल. काय लिहायचं ते कळेचना."

"मला वाटलं सर्व्हर बंद आहे म्हणून येत नाही. आणि मग वाटलं की तो बंद आहे हेच बरं."

"मला अजून पटलेलं नाही, जया," तो म्हणाला. "बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. पण तू मला गप्प बसायला लावलंस असं मी म्हणणार नाही. मीच गप्प बसलो." मग त्यानं विचारलं, "काय झालं होतं सर्व्हरला?"

ती सांगायला लागली. मध्येच त्यानं एक प्रश्न विचारला, ती उत्तर देत होती तोच बूथवाल्यानं आणखी माणसं थांबलीत असं खुणावलं. उरलेलं मेलमध्ये लिहिते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

घरी पोचल्यावर भागिरथीबाईंनी विचारलं, "आलं का?"

"नाही आलं. मीच बोलले त्याच्याशी."

"रागावलाय?"

जयमालानं विचार केला. "थोडा," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.