सात पळपुटे

सकाळी साडेदहाला ती अडली, ती एका तारखेपाशी.

शोधनिबंधातल्या चित्राखाली फोटो कधीचे एवढंच लिहायचं होतं. जुन्या फाइलवर तारखा दोन. एक फोटो काढल्याची, दुसरी तोच फोटो सहा वर्षांनी साफसूफ करून पुन्हा ठेवल्याची. आणि तीन वर्षं तिने सगळं गणित उभं केलं होतं ते दुसरीवर! "अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली. "काही नाही," ती म्हणाली. काही नाही कसलं, धाबं दणाणलं होतं.

कृष्णविवरं सापडतात ती एकतर सूर्याच्या दहा-वीसपट वजनाची चिल्लीपिल्ली, नाहीतर लाखो-कोटीपटींची धेंडं. मधली, हजारोपटींची, काही केल्या हाती लागत नाहीत. तिला वाटलं होतं, आपण एक पकडलं. अवकाश दुर्बिणीचे जुने-नवे फोटो एकमेकांवर ठेवले की ताऱ्यांच्या एका दाट पुंजक्यात, अगदी मध्याजवळ, सात अंधुक तारे भलतेच सरकलेले दिसत. एवढ्या वेगाने ते केव्हाच पुंजका सोडून जायला हवे होते. गेले नव्हते, म्हणजे कुणीतरी न दिसणारा दांडगा त्यांना धरून होता. गटात त्यांना नावच पडलं, पळपुटे. त्यांच्या जिवावर गटाच्या प्रमुख सरांनी नव्या दुर्बिणीचे बारा तास मिळवले होते, आणि त्या तासांवर तिची मार्चनंतरची नोकरी. निरीक्षणाचा आराखडा आज पाचच्या आत पाठवायचा होता.

तिने जुन्या-नव्या फोटोंमधली वर्षं सुधारली. नऊ नव्हे, पंधरा. सरकणं तेवढंच, वेळ जास्त, म्हणजे वेग कमी. हे तर शाळेतलं पोरही सांगेल! सहा तारे मुकाट्याने गर्दीत जाऊन बसले. सातवा सेकंदाला एकशेदहा किलोमीटरवरून सहासष्टवर आला. पुंजका सोडायला बासष्ट लागतात. चार जास्त खरे, पण मोजण्यातच पाचाची चूक होऊ शकते.

आधी कसं नाही कळलं? तेजस्वी तारे दुसऱ्या फोटोंवरून मोजलेले, ते शहाण्यासारखे वागत होते. या जुन्या फोटोंवरून मोजलेले अंधुक तेवढे पळत होते. तिथे शंका यायची, तर या बाईसाहेबांना आनंद झाला. आंधळा मागतो एक डोळा, इथे सात मिळाले होते ना!

गप्प बसलं तर? दुर्बीण बघेल, काही नसलं तर "दिसलं नाही" म्हणायचं. तारखा कोण उकरतंय? दोनदा ती सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. शेवटी ताईला फोन लावला.

"ताई, मोठा घोळ घातलाय मी."

"कुणी मेलंय का?"

"नाही गं!"

"मग सांगून टाक. तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?"

तीन वाजता ती सरांसमोर उभी राहिली. सर यंदा निवृत्त होणार होते, आणि मधलं कृष्णविवर ते वीस वर्षं शोधत होते. त्यांनी तिचा नव्या हिशेबाचा कागद दोनदा वाचला.

"पाचपर्यंत थांबली असतीस, तर मला कळलंही नसतं."

"हो सर."

"मग?"

"झोप लागली नसती."

दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीला सरांनी पत्र स्वतःच लिहिलं: तारे सात नाहीत, एक आहे, तोही संशयास्पद, वेळ परत घ्यायचा तर घ्यावा. आणि लगेच पाठवून दिलं. मग दोघं दर मिनिटाला उत्तर आलं का ते बघू लागली. पावणेपाचला उत्तर आलं. बारा तास यादीतल्या पुढच्या गटाला दिले होते.

सरांनी तिचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "अजून दहा वर्षांनी फोटो काढला, तर त्या एकाचा वेग नक्की कळेल."

"दहा वर्षांनी, सर?"

"मी काही नसेन तेव्हा मोजायला. तू असशील?"

मार्चनंतर आपण कुठे असू, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"असेन," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.