टपाकडे कोण बघतंय?

मी टप बोलतोय. सापगावच्या बाळारामांच्या लाल व्हॅनचा टप. तुम्ही ती व्हॅन बघितली असेल, मला नाही. गाडीकडे माणसं समोरून बघतात, बाजूनं बघतात, काचेत स्वतःचा भांग बघतात. वर कोण बघतंय?

कारखान्यात रंग चढला तेव्हा आम्ही सगळे सारखे होतो. बॉनेट, दारं, मी. लाल रंग एकच आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा हातही एकच. लॅकर म्हणजे आमची कातडी. ती आहे तोवर रंग आहे. तिथल्या यंत्रानं कुणाला मान दिला नाही की कुणाला वगळलं नाही. भेदभाव सुरू झाला तो माणसांच्या हातात पडल्यावर.

बाळाराम वाशिंदच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी आम्हाला घरी आणलं. गाडी धंद्याला घेतली म्हणायचे, पण ती निघायची मिरवायला. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, स्वतःचं नाव. रोज सकाळी बनियनवर बाहेर यायचे आणि धुळीसकट बॉनेट कोरड्या फडक्यानं खसाखसा घासायचे. रविवारी खोबरेल तेलात डिझेल कालवून लावायचे. बॉनेट तासभर चकाकायचं, मग त्यावर धूळ चिकटून त्याचं थालीपीठ व्हायचं. माझ्यापर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही. पोचवावासा त्यांना वाटलाही नाही.

माझा उपयोग शोधला भीमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. मे महिन्यात मी तव्यासारखा तापतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझ्यावर आंबोशी घातली. मीठ चोळलेल्या कैरीच्या फोडी, खाली जुनी साडी, वर ऊन. खारट आंबट पाणी साडीतून पाझरून माझ्या कातडीत मुरायचं.

“आई, अगं मीठ नि खटाई! खाली लॅकर जळतंय,” रत्ना ओरडायची.

“तुझ्या लॅकरनं आमटी आंबट होनार हाय का?”

रत्ना म्हणजे त्यांची मुलगी संघरत्ना. कॉलेज तिनं दुसऱ्या वर्षाला सोडलं. अख्ख्या आळीनं तिला नावं ठेवली, त्यातले निम्मे दहावीला आपटलेले. तिनं शहापूरला गाडी शिकून लायसन काढलं होतं. तिला ही व्हॅन डोळखांबच्या रस्त्याला पॅसेंजरवर चालवायची होती. एवढंच मागणं. पण किल्ली बापाच्या खिशात आणि खिशावर बापाचा हात.

“गाडी काय भातुकली हाय? सांभाळायला अक्कल लागते,” बाळाराम म्हणायचे. मग उठून बॉनेटला डिझेल लावायचे.

एकदा शहापूरला शेखरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढे आम्ही थांबलो. डिझेलनं रंग मरतो असं कुणीतरी बाळारामांना सांगितलं होतं. सांगणारा बाप्या होता, म्हणून पटलं. रत्ना वर्षभर तेच सांगत होती. शेखरनं दोन वस्तू काउंटरवर मांडल्या. एक डबीतलं पिवळं मेण, कसल्याशा परदेशी ताडाच्या पानांचं. दुसरी पातळ मेणाची बाटली, कारखान्यात बनवलेली.

“डबीवालं लावलं की आरसा. पन आपल्याकडच्या उनात महिनाभर नीट टिकत नाय,” शेखर म्हणाला. “बाटलीवाल्याला चमक कमी, पन ते उनाला पुरून उरतं.”

“बाटली घ्या बाबा. आपल्याला ऊन अडवायचंय,” बरोबर आलेली रत्ना म्हणाली.

“आपल्याला तोंड बघायचंय,” बाळाराम म्हणाले आणि त्यांनी डबी उचलली.

“आणि टपाला?”

“टपाकडे कोण बघतंय गो?”

“ऊन बघतंय की. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

मी तेव्हाच तिच्यावर जीव टाकला.

दुसऱ्या दिवशी बाळारामांनी काय करावं? भर दुपारी गाडी अंगणाच्या मधोमध लावली आणि तापलेल्या पत्र्यावर मेण थापलं. जाड थर. मग हात झटकत म्हणाले, “ऱ्हाऊ दे वाळत.”

“बाबा, तो काय पापड हाय? मेण सावलीत लावतात, गार पत्र्यावर!”

“मी तुझ्यापेक्षा जास्त उन्हाळे बघितलेत.”

बघितले असतील. उन्हाळे बघून अक्कल येत असती तर सगळ्यात शहाणा मीच असतो. मेण वाळलं, नव्हे, भाजलं. बॉनेटवर नि दारांवर पांढरे पोपडे. संध्याकाळपर्यंत बाप वर्तमानपत्रं घेऊन ते खरवडत होता आणि भीमाबाई चहा देताना पदराआड हसत होत्या. शेवटी चकाकी आली खरी, बॉनेटला आणि दारांना. मी होतो तसाच. माझी कातडी तोवर जागोजाग सुटून उडायला लागली होती.

त्याच चकाकीत आम्ही डोळखांबकडे निघालो. कारखान्यात बाळारामांच्या शेजारच्या मशीनवर भगीरथ होते. त्यांच्या मुलीचं, मीनाचं, लग्न ठरलं होतं आणि जेवायला बोलावणं होतं. बाळारामांनी घाटात हॉर्न वाजवला, पाड्यात वाजवला, गाय नव्हती तिथेही वाजवला.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. सापगाव सपाटीला आहे. भगीरथांचं घर डोंगराच्या उतारावर आहे. गाडी लागते खाली रस्त्यावर आणि माणसं बसतात वर ओट्यावर. तिथून बॉनेट दिसत नाही, दार दिसत नाही. दिसतो फक्त टप.

ओट्यावर सगळे बसले आणि सगळ्यांनी खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एवढी माणसं बघत होती. आणि मी असा, खवले सुटलेला.

भगीरथांची बायको लहानी ओट्याच्या कडेला आली. “बाळारामभाऊ, गाडी झ्याक हाय. पन टपाला खरूज झालीय का वो?”

“नाय गो आये,” मीना म्हणाली, “कात टाकतोय तो.”

ओटा हसून लोळायचा बाकी राहिला. बाळारामांचा चेहरा माझ्यापेक्षा लाल झाला आणि त्यांनी रत्नाकडे बोट केलं. “हिला सांगितलं व्हतं लक्ष ठेव म्हणून.”

चूक आपली आणि नाव पोरांचं. मोठ्या माणसांचा हा आवडता खेळ. पण ही पोर गप्प बसणारी नव्हती.

“किल्ली द्या, मग ठेवते लक्ष.”

“दे की रं बाळाराम,” भगीरथ म्हणाले.

चारचौघांत अडकलेला बाप दोनच गोष्टी करतो, ओरडतो नाहीतर पैज लावतो. बाळारामांनी पैज लावली. “मीनाच्या हळदीला आमी परत येनार. तेव्हा लहानीवहिनी या टपाला हसल्या नाय, तर किल्ली हिची. कायमची.”

लहानीला न हसवणं म्हणजे वाऱ्याला बांधून ठेवणं.

रत्ना शेखरकडून बाटली घेऊन आली. बाळारामांनी गाडी शेजारच्या पेंढ्याच्या मांडवात सावलीला लावून दिली आणि लांब बाजेवर जाऊन बसले. रत्ना उंचीनं बेताची, म्हणून तिनं पाण्याचा ड्रम पालथा घातला आणि त्यावर चढली.

“जे गेलं ते मेणानं परत येत नाय,” ती मला म्हणाली. “ऱ्हायलंय ते वाचवू.”

तिनं मला भरपूर पाण्यानं धुतलं. सुटलेल्या कडा पाण्याच्या पॉलिश पेपरनं अलगद घासल्या. उघड्या डागांवर लाल रंग मारला, त्यावर लॅकर मारलं आणि ते पुरतं सुकू दिलं. डागांचा लाल जरा गडद झाला, लपला नाही. मग एका सकाळी, ऊन यायच्या आत, तिनं पंजा ठेवून मी गार आहे का बघितलं आणि मेण लावलं. पातळ, चोळत चोळत, कोपऱ्याकोपऱ्यात. मऊ फडक्यानं पुसून काढलं. काय सांगू! तापल्या पाठीवर कुणीतरी ओला पदर फिरवावा तसं वाटलं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं, तर थेंब गोळ्यांसारखे पळाले आणि ती एकटीच ड्रमवर नाचली. ड्रम डुगडुगला, पण पडली नाही.

भीमाबाईंनी आंबोशी घराच्या पत्र्यावर हलवली. “आमटी बेचव झाली तर तुझं नाव सांगेन हां!”

हळदीचा दिवस आला. बाळारामांनी गाडी खाली त्याच जागी लावली. सगळे वर गेले. लहानी हळदीचे हात पुसत ओट्याच्या कडेला आली आणि खाली वाकली. ढोल थांबला नव्हता, पण मला ऐकू येईना.

“ठिगळं दिसतात,” ती म्हणाली.

बाळारामांची मान ताठ झाली. रत्नाची खाली गेली.

“पन गोधडीला लावावी तशी निगुतीनं लावलीत. कोनी लावली?”

“मी,” रत्ना म्हणाली.

“तरीच! या म्हाताऱ्याचा हात लागला असता तर टपच उरला नसता!” आणि लहानी पोट धरून हसली.

“हसल्या! बघा, हसल्या!” बाळाराम उडालेच.

“तुला हसली रं बाळाराम,” भगीरथ म्हणाले. “टपाला नाय.”

मग जो काही हशा उठला! ढोलवाला वाजवायचा थांबला. मीना हळदीनं पिवळी झालेली, ती हसता हसता पाटावरून घसरली. खुद्द बाळारामांनाही हसू आवरेना, कितीही मिशी चावली तरी.

हरलो असं मात्र ते म्हणाले नाहीत. कुठला बाप म्हणतो? निघताना ते उतार उतरून खाली आले आणि गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. किल्ली पुढे धरून म्हणाले, “चल, उशीर होतोय.” मग सापगाव येईपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांनी “हळू, हळू” केलं, ते सोडा.

आता रत्ना डोळखांबच्या रस्त्याला पॅसेंजर भरते. ऊन तेवढंच आहे, पण माझी उरलेली कातडी शाबूत आहे. माझं एवढंच मागणं आहे, एखादा ड्रम पालथा घाला आणि तुमच्या गाडीचा टप एकदा बघा. त्याला आंबोशी नको, डिझेल नको. सावलीत पातळसा हात फिरवा, बास.

परवा सकाळी ड्रम करकरला. मला वाटलं रत्ना. बघतो तर बनियनवर बाळाराम! इकडेतिकडे बघत गुपचूप वर चढलेले आणि हातात तेच कोरडं फडकं.

“बाबा! पहिलं पाणी मारा!” घरातून आरोळी आली.

ते दचकले, उतरले आणि बादली आणायला गेले.

येऊ द्या. मी वाट बघतोय.